सहा लिटरचा हिशेब

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातून सहा लिटर पाणी निघून गेलं, की त्याच्या मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होते. पुढचा घटनाक्रम त्या सहा लिटरचा आहे.

यातला माणूस कोणी एक नाही. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये जे घडू शकतं, ते एका माणसावर रचून मी इथे मांडतो आहे. वय ४२, वजन ६० किलो, मूळ गाव मराठवाड्यातलं. एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम, सोबत बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. बीपीची गोळी चालू. वेळा माझ्या कल्पनेतल्या आहेत, पण पाण्याचे आणि औषधांचे आकडे वैद्यकशास्त्राचे आहेत. आजार मी कॉलरा धरला आहे, कारण त्याची गती सगळ्यात भयंकर. जोरात असला तर तासाला लिटरभर पाणी नेतो. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, ई. कोलाय यांचे जुलाब बहुधा त्याच्याहून हळू चालतात. हिशेब मात्र सगळ्यांचा एकच.

सोमवार, संध्याकाळी ७. अजून ४३ तास.

खोल्यांच्या मालकानं मागवलेला टँकर येतो आणि आठ घरं मिळून चार निळे ड्रम भरून घेतात. पाणी दिसायला स्वच्छ आहे. त्यात क्लोरिन किती, हे कोणी पाहत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं लागतं, आणि ते तपासायला छोटी बाटली व दोन थेंबांचं द्रावण पुरतं. ड्रमात तांब्या बुडतो, तांब्याबरोबर बोटं बुडतात.

नळाचं पाणी असतं तरी धोका टळला नसता. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. पवनेचं पाणी निगडीच्या केंद्रातून शुद्ध होऊन निघतं, पण नळ बंद असतात तेव्हा वाहिनीतला दाब उतरतो. जमिनीखाली एखादा सांधा सैल असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ते पाणी आत ओढलं जातं. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ असतं, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. गावच्या पाणी योजनेची वीज तुटलेली होती, म्हणून लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या भागात गिया-बारे आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत नोरोव्हायरस आणि कॅम्पिलोबॅक्टर सापडले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायातली ताकद जाणं, असा त्यातल्या अनेकांचा क्रम होता. मेळघाट दुर्गम म्हणून आणि पुणे मोठं शहर म्हणून आपण या दोन घटना वेगळ्या खात्यांत टाकतो. मला त्या एकाच खात्यातल्या वाटतात.

बुधवार, पहाटे २. अजून १२ तास.

पहिला जुलाब. पोटात फारशी कळ नाही, ताप नाही. अर्ध्या तासात दुसरा, मग तिसरा. आता पाण्यासारखं होतं आहे, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. संडास चाळीच्या टोकाला, आठ घरांत दोन. तो परत खोलीकडे यायला निघतो आणि अर्ध्या वाटेतून मागे वळतो.

पहाटे ५. अजून ९ तास. गेलेलं पाणी: दीड लिटर.

बायको उठलेली आहे. ती पाण्याचा पेला पुढे करते. तो हातानं नको म्हणतो. "पोटात काही टाकलं की लगेच बाहेर पडतं. जरा पोटाला आराम मिळू दे." तीही पेला खाली ठेवते, कारण तिच्या आईनंही हेच सांगितलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारा निर्णय हा आहे. पुढे दिवसभरात याच्या हातून आणि इतरांच्या हातून बऱ्याच चुका होतील, पण पहाटे पाचला हा पेला पोटात गेला असता तर त्यातल्या बहुतेक चुका झेपल्या असत्या.

कॉलराचं विष आतड्याच्या पेशींना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. पण त्याच पेशींना एक दुसरं दार असतं. साखरेचा कण आणि मिठाचा कण जोडीनं आले, की ते दार दोघांना आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० साली ही यंत्रणा मांडली. कॉलरा या दाराला हात लावू शकत नाही. जुलाब चालू असतानाही ते उघडंच असतं. नुसतं पाणी दिलं तर त्यातलं थोडंच टिकतं. साखर आणि मीठ योग्य मापात घालून दिलं, तर बाहेर जाणाऱ्या पाण्याची भरपाई होत राहते. जुलाब लगेच थांबत नाहीत. हेच घरच्यांना पटत नाही आणि ते पाणी बंद करतात. जुलाब दोन-तीन दिवस चालू राहिले तरी माणूस वाचतो, अट एवढीच की आत जाणारं बाहेर जाणाऱ्याइतकं हवं.

याचा पुरावा प्रयोगशाळेबाहेर, चिखलात मिळाला. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर, उलटी-जुलाबाच्या थारोळ्यात पडलेले होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. तेव्हा कोलकात्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या भरल्या गेल्या. ते पाणी पिंपात कालवायचं आणि रुग्णाच्या आई-बापांनी, भावा-बहिणींनीच त्याला पाजायचं, असं ठरलं. एका लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच ग्रॅम. बनगावात सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. आधी शंभरातले वीस-तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. कोलकात्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी १९५३ सालीच साखर-मिठाच्या पाण्यानं रुग्ण बरे केल्याचं प्रसिद्ध केलं होतं, पण तेव्हा जगानं लक्ष दिलं नाही. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली मिळालं.

या पाण्याच्या, म्हणजे ओआरएसच्या, आजच्या पुडीचं माप २००२ पासून थोडं सौम्य झालेलं आहे: एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवायचं नाही, साखर वाढवायची नाही. भाताची पेज चिमूटभर मीठ घालून, पातळ ताक, डाळीचं पाणी हे सगळं सोबत चालतं.

या घरात पहाटे पाच वाजता साखर आहे, मीठ आहे, गॅस आहे आणि पाणी उकळायला पातेलंही आहे.

सकाळी ८. अजून ६ तास. गेलेलं पाणी: तीन लिटर.

वजनाचा पाच टक्के भाग गेला. तोंड कोरडं, तहान प्रचंड, डोळे थोडे आत गेलेले. सात वाजताची पाळी चुकली, म्हणजे एक खाडा. ठेकेदाराच्या माणसाला फोन करून तो मेडिकलमध्ये जातो.

"दादा, जुलाब लागलेत. लगेच थांबेल असं काहीतरी द्या. दुपारी तरी कामाला जायचंय."

मेडिकलवाला तीन पट्ट्यांतून गोळ्या कापतो. एक जुलाब बंद करणारी, एक अँटिबायोटिकची जोडगोळी, एक अंगदुखीची. जाताना फळाच्या चवीचा एक टेट्रा पॅक. पावती नाही, चिठ्ठीचा प्रश्नच नाही. मला या दुकानदाराचा राग येत नाही. त्याच्यासमोर उभ्या माणसाला डॉक्टरची फी आणि दिवसाची मजुरी यांतलं एकच परवडतं. पण या चार वस्तूंपैकी एकीनंही सहा लिटरच्या हिशेबात काही जमा होत नाही.

जुलाब बंद करणारी गोळी लोपेरामाइडची. ती आतड्याची हालचाल मंद करते. निरोगी प्रौढाला साधे पाण्यासारखे जुलाब असतील, ताप नसेल, रक्त पडत नसेल, तर ती तात्पुरती चालते. सुरुवातीला दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर एक, आणि डॉक्टरनं सांगितलेलं नसेल तर दिवसात आठ मिलिग्रॅमच्या वर नाही. जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात. शौचात रक्त-आव असेल किंवा ताप असेल तर ती घेऊच नये, कारण जंतू आणि त्यांचं विष आत अडकून राहतं. लहान मुलांना तर ती घरच्या घरी कधीच द्यायची नाही. आणि कॉलरात ती फसवते. आतडं हलत नाही म्हणून जुलाब कमी दिसतात, पण पाणी रक्तातून आतड्यात झिरपत राहतं आणि तिथेच साचतं. पोट फुगतं. माणसाला वाटतं, बरं वाटायला लागलं.

अँटिबायोटिकबद्दल या पट्ट्यात बोलताना पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आठवण येणं साहजिक आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं सरकारनं हा कारखाना उभारला आणि देशाला स्वतःचं पेनिसिलिन मिळालं. कारखान्याच्या एच.ए. कॉलनीत वाढलेल्या पिढीला त्याचा अभिमान आहे, तो रास्त आहे. त्या औषधांनी न्यूमोनिया, जखमा, बाळंतपणातला ताप यांतून अगणित माणसं वाचवली. पण बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात किंवा आपोआप थांबणारे असतात. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, उलट आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि उरलेले औषधाला दाद देईनासे होतात. अँटिबायोटिक लागतं ते रक्त-आव पडत असेल तेव्हा, किंवा कॉलरात माणूस फार कोरडा पडला असेल तेव्हा. कॉलराला प्रौढांत डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस बहुधा पुरतो. त्यानं जुलाबाचे दिवस कमी होतात. गेलेलं पाणी त्यानं परत येत नाही. आणि कापून दिलेल्या जोडगोळीच्या दोन दिवसांच्या चार गोळ्या यातल्या कशातच बसत नाहीत.

राहिला टेट्रा पॅक. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं एकाच गोष्टीसाठी झगडत होत्या: ज्या गोड पेयांच्या डब्यांवर ओआरएस लिहिलेलं असायचं, त्यांत साखर पुडीच्या कितीतरी पट असायची, आणि जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं खाद्यपेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, एवढंच पाहावं. आणि लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घालावी. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी ओतली तर मीठ इतकं तीव्र होतं की लहान मुलाच्या मेंदूला इजा होऊ शकते.

सकाळी आठला या माणसाचा योग्य उपचार असा होता: किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे साडेचार लिटर ओआरएस चार तासांत. पेल्यानं, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पहिल्यापेक्षा हळू. शिवाय प्रत्येक जुलाबामागे पेलाभर जास्त. खर्च काही पुड्यांचा.

सकाळी १०.३०. अजून साडेतीन तास. गेलेलं पाणी: सव्वाचार लिटर.

जुलाब जरा कमी झाले, म्हणून घरात थोडं हायसं वाटतं आहे. पायाच्या पोटऱ्यांत गोळे येतात. तो अंगदुखीची गोळी घेतो, आणि रोजच्या सवयीनं बीपीची टेल्मिसार्टनही घेतो.

रक्तातलं पाणी घटलं की मूत्रपिंडं स्वतःकडे येणारा प्रवाह टिकवायला धडपडतात. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं त्या धडपडीचा एक आधार काढून घेतात, टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं दुसरा. दोन्ही एकदम घेतली तर पाण्याविना झगडणारी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. बीपीची, लघवी वाढवणारी किंवा मधुमेहाची औषधं घेणाऱ्यानं जोरात जुलाब-उलट्या लागल्याबरोबर डॉक्टरला फोन करून, आजची गोळी घेऊ की थांबवू, एवढं विचारायला हवं. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवावं, असं मला कळकळीनं वाटतं. फार कमी जण सांगतात.

पहाटेपासून लघवी झालेली नाही. हे त्याच्या लक्षात आलेलं नाही आणि त्याला कोणी विचारलेलंही नाही.

दुपारी १२.३०. अजून दीड तास. गेलेलं पाणी: सव्वापाच लिटर.

बायको आणि शेजारचे भाऊ त्याला दोन्ही बाजूंनी धरून जवळच्या दवाखान्यात नेतात. "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा, म्हणजे उभे राहतील." सलाईन लागतं. पाचशे मिलिलिटरची बाटली, आत पिवळ्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. बाटलीवर पाच टक्के डेक्स्ट्रोज लिहिलेलं आहे.

सव्वापाच लिटरच्या तुटीत अर्धा लिटर, तेही साखरेचं पाणी. डेक्स्ट्रोजमध्ये मीठ नसतं, त्यामुळे ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही. इथे रिंगर लॅक्टेट हवं, ते नसेल तर साधं मिठाचं सलाईन. आणि बाटल्या दोन्ही हातांना, एकामागून एक. कामगार वस्त्यांत सलाईनवर मोठा विश्वास आहे. बाटली लटकलेली दिसली की उपचार झाला असं वाटतं. कोणतं आणि किती, हे विचारायचं धैर्य रुग्णाच्या माणसांना देणारं आपल्याकडे कोणी नाही.

बाटली थेंब थेंब उतरते आहे. तो हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती दोन सेकंदांनंतरही तशीच. डोळे खोल. गुंगी, खोल डोळे, उभी राहणारी सुरकुती आणि पिता न येणं: यातल्या कोणत्याही दोन खुणा दिसल्या तर पाण्याची तूट तीव्र आहे आणि एक मिनिटही घालवायचं नाही.

दुपारी १.१५. अजून पाऊण तास.

१०८ ला फोन. पाळी बदलायची वेळ जवळ आलेली, कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्यावर. तळेगाव चौकात कंटेनर एकमेकांना खेटून उभे. चाकणची कोंडी सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे, आणि इथल्या माणसाला ती अंगानं माहीत आहे. रुग्णवाहिका पुणे-नाशिक रस्त्याला लागते. वाटेतही ओठ ओले करत चमच्यानं पाणी पाजता आलं असतं, तो गिळू शकत होता तोवर. आता शक्य नाही.

दुपारी २. गेलेलं पाणी: सहा लिटर.

मनगटाची नाडी लागत नाही. हात-पाय गार, बोटांची कातडी खूप वेळ पाण्यात भिजल्यासारखी चुरमडलेली.

रुग्णालयात गेल्यावर जे करायचं ते पाठ असलेल्या माणसाच्या हाती तो पडला, तर अजूनही वाचतो. किलोमागे १०० मिलिलिटर, म्हणजे सहा लिटर रिंगर लॅक्टेट तीन तासांत. त्यातलं १८०० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात. नाडी तरीही क्षीण असेल तर तेवढंच पुन्हा. उरलेलं ४२०० अडीच तासांत. गिळता यायला लागलं की शिरेतल्या पाण्याबरोबर तोंडानं ओआरएस सुरू. कॉलराचे रुग्ण अशा उपचारानं तासाभरात बोलायला लागतात. वैद्यकात इतकं झटपट परतणं फार थोड्या आजारांत दिसतं, आणि योग्य उपचार मिळाले तर कॉलरात शंभरात एकाहूनही कमी रुग्ण दगावतात. याची मूत्रपिंडं परततील का, हे सकाळी साडेदहाच्या दोन गोळ्यांवरही अवलंबून आहे. लघवी सुरू झाली नाही तर पुढचे काही दिवस डायलिसिसचे.

दुपारी ४.

चाळीत त्याच ड्रमाचं पाणी प्यायलेली आणखी सात घरं आहेत. आरोग्य विभागाला आत्ता कळवायला हवं: संशयित कॉलरा, एक रुग्ण. शौचाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी, पाण्याचा नमुना ड्रम धुण्याआधी. पिण्याचं पाणी उकळून, किंवा मेडिक्लोर हे क्लोरिनचं द्रावण बाटलीवरच्या मापानं टाकून अर्धा तास थांबून. संडासाला ब्लीचिंग पावडर, हाताला साबण.

पलीकडच्या खोलीतल्या दीड वर्षाच्या मुलाला तिसरा जुलाब झाला आहे. त्याचं वजन दहा किलो, म्हणजे त्याचा हिशेब सहा लिटरचा नाही, एकाच लिटरचा आहे, आणि तो लिटर संपायला बारा तास लागणार नाहीत. त्याची आई त्याला अंगावर पाजते आहे, ते तिनं थांबवायचं नाही. प्रत्येक जुलाबानंतर अर्धा कप ओआरएस, चमचा चमचा, मिनिटा-दोन मिनिटांनी एक. तो मलूल दिसायला लागला, डोळे खोल गेले, तहानलेला होऊन पाण्यावर झडप घालू लागला, तर चार तासांत ७५० मिलिलिटर आणि पाजता पाजताच दवाखान्याची वाट. पीतच नसेल किंवा गुंगीत गेला असेल तर चार तास वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी आज, आणि जुलाब थांबले तरी पुढे चौदा दिवस पुरे होईपर्यंत रोज एक. ती चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते.